रेषेचा चढ: सूत्र पाठ आहे, पण ती संख्या नेमके काय सांगते?

प्रश्न
वहीसमोर (मुलुंड)

नमस्कार. माझा मुलगा यंदा दहावीत आहे आणि गणित भाग २ मधले निर्देशक भूमितीचे प्रकरण आम्ही दोघे रात्री जेवणे आटोपल्यावर एकत्र बसून करीत आहोत. मी स्वतः मराठी माध्यमात शिकले, पुढे वाणिज्य शाखेला गेले आणि गणिताशी नाते हिशेबापुरते उरले. रेषेचा चढ काढण्याचे सूत्र मला आजही पाठ आहे: दोन बिंदूंच्या य-निर्देशकांची वजाबाकी वर आणि क्ष-निर्देशकांची वजाबाकी खाली. (पुस्तकात अक्षांना इंग्रजी अक्षरे आहेत, येथे लिहिण्याच्या सोयीसाठी मी आडव्या अक्षाला क्ष आणि उभ्या अक्षाला य म्हणते.) परंतु "वरचे खाली आणि खालचे वर का नाही?" असे मुलाने विचारले तेव्हा "सूत्र तसे आहे" यापलीकडे मला काही सांगता आले नाही, आणि असे वेळ मारून नेणारे उत्तर देताना मला बरे वाटले नाही.

परवाचे उदाहरण सांगते. अ(−३, ५) आणि ब(२, −५) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढायचा होता. त्याने वर ५ − (−५) म्हणजे १० लिहिले, खाली २ − (−३) म्हणजे ५ लिहिले आणि उत्तर २ काढले. खरे उत्तर −२ आहे हे कळल्यावर त्याने काही न बोलता २ च्या आधी पेन्सिलने एक बारीकशी उणे खूण लावली आणि तो पुढच्या गणिताकडे वळला. वजाबाकी चुकली याचे मला काही वाटले नाही, चुकतच माणूस शिकतो. ती बारीक खूण मात्र मला खुपली, कारण उत्तर जुळले की आपले काम झाले असे त्याने मनाशी धरले होते.

म्हणून विचारते. कोणता बिंदू पहिला धरायचा हे कशावरून ठरते? क्ष अक्षाचा चढ शून्य असतो आणि य अक्षाचा चढ ठरवता येत नाही असे पुस्तक म्हणते. मला तर दोन्ही वाक्यांतून "चढ नाही" एवढेच ऐकू येते, मग त्यांत फरक कोणता? आणि मुळात −२ ही संख्या त्या रेषेबद्दल काय सांगते?

प्रतिसाद
उजळणी

ताई, मी बरीच वर्षे दहावीच्या वर्गाला भूमिती शिकवली आहे आणि आपण सांगितलेली ती बारीक खूण मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. तिच्याबद्दल आपल्याला वाटलेली काळजी योग्यच आहे.

प्रथम बिंदूंच्या क्रमाविषयी. कोणताही बिंदू पहिला धरावा, उत्तर तेच येते. अट एकच आहे की वरच्या वजाबाकीत जो बिंदू आधी घेतला तोच खालच्या वजाबाकीतही आधी यायला हवा. आपल्या मुलाने वर अ मधून ब वजा केला आणि खाली ब मधून अ वजा केला. म्हणजे उंचीतला फरक मोजताना तो ब पासून अ कडे गेला आणि आडवे अंतर मोजताना अ पासून ब कडे गेला. दोन्ही वजाबाक्या ब मधून अ अशा केल्या तर −५ − ५ = −१० आणि २ − (−३) = ५, म्हणून चढ −२. दोन्ही अ मधून ब अशा केल्या तर ५ − (−५) = १० आणि −३ − २ = −५, म्हणून पुन्हा −२. क्रम उलटला की अंश आणि छेद या दोहोंचे चिन्ह एकदमच बदलते आणि भागाकार जसाच्या तसा राहतो. मी मुलांना दोन्ही बिंदू एकाखाली एक लिहायला लावीत असे, म्हणजे दोन्ही स्तंभांत खालची संख्या वरच्या संख्येतून वजा होते आणि क्रम चुकण्याला वावच राहत नाही.

पण वजाबाकीला हात घालण्याआधी त्याने कच्चे चित्र काढायला हवे होते. अ डावीकडे आणि वर आहे, ब उजवीकडे आणि खाली आहे. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा खाली उतरते आहे, तेव्हा चढ ऋण येणार हे एकही आकडा न मांडता कळते. हे चित्र ज्याच्या वहीत आहे, त्याला उत्तर २ आले की तो आपणहून थांबतो आणि चूक शोधायला मागे जातो. त्याला उत्तरसूची पाहावी लागत नाही.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच आहे. −२ चा अर्थ असा की या रेषेवर आपण कोठेही उभे असलो, तरी उजवीकडे १ एकक सरकले की २ एकके खाली उतरावे लागते. येथे "कोठेही" या शब्दावर माझा भर आहे. सूत्रात दोन बिंदू येतात म्हणून मुलांची समजूत होते की चढ त्या दोन बिंदूंचा असतो. तसे नाही, चढ रेषेचा असतो, आणि बिंदू केवळ तो मोजण्यासाठी घेतलेले असतात.

हे त्याला आलेखाच्या कागदावर स्वतः करून पाहू द्या. (१, २), (३, ५) आणि (७, ११) हे तीन बिंदू मांडून पट्टीने जोडले तर ते एका रेषेवर येतात. पहिल्या दोन बिंदूंवरून चढ ३ ÷ २ येतो, दुसऱ्या व तिसऱ्यावरून ६ ÷ ४ येतो, पहिल्या व तिसऱ्यावरून ९ ÷ ६ येतो. तिन्ही भागाकार १.५ च आहेत. असे का व्हावे? प्रत्येक वेळी रेषेचा तो तुकडा हा कर्ण धरून खाली एक काटकोन त्रिकोण काढा. तिन्ही त्रिकोणांत एक कोन काटकोन आहे आणि आडव्या बाजूने रेषेशी केलेला कोनही सारखाच आहे, कारण आडव्या बाजू परस्परांना समांतर आहेत आणि रेषा ही त्यांची छेदिका आहे. को-को कसोटीने (दोन कोन सारखे असले की त्रिकोणांचा आकार सारखा) ते त्रिकोण समरूप झाले. आणि समरूप त्रिकोणांच्या बाजू लहानमोठ्या असल्या तरी त्यांची गुणोत्तरे बदलत नाहीत. समरूपतेचे प्रकरण त्याच पुस्तकात सर्वांत आधी येते ते मुलांना वेगळेच वाटते, पण चढाचे सूत्र त्याच्याच खांद्यावर उभे आहे.

वरचे खाली का नाही, या त्याच्या शंकेला मी पूर्ण गुण देईन. आडवे भागिले उभे हेही रेषेचा तिरपेपणा सांगणारे एक प्रामाणिक माप आहे. फक्त त्यात रेषा जितकी उभी तितकी संख्या लहान होते, आणि चढ वाढला की संख्या वाढावी ही आपली सहज अपेक्षा मोडते. शिवाय क्ष ही आपण निवडलेली राशी आणि य ही त्यामुळे ठरणारी राशी असा संकेत आहे. "क्ष एकाने वाढला तर य कितीने बदलतो" हे विचारायचे असेल तर य च्या बदलाला क्ष च्या बदलाने भागावे लागते.

प्रतिसाद
कोबा

मी मुंबईत इमारतींच्या गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगच्या कामावर देखरेख करतो. आमच्याकडे चढ हा शब्द कोणी वापरत नाही. पाणी उतरते म्हणून आम्ही ढाळ म्हणतो, पण गणित हेच असते. वरच्या प्रतिसादात "चढ रेषेचा असतो, दोन बिंदूंचा नव्हे" असे जे लिहिले आहे ते मला एका गच्चीने शिकवले, म्हणून तो अनुभव येथे सांगतो.

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालताना पावसाच्या पाण्याच्या पाइपाचे तोंड सर्वांत खाली ठेवतात आणि तेथून कठड्यापर्यंत ढाळ चढवत नेतात. त्या कामात दहा फुटांना एक इंच असा ढाळ ठरला होता. पाइपापासून कठडा तीस फुटांवर, म्हणजे कठड्यापाशी कोब्याची उंची पाइपाच्या तोंडापेक्षा तीन इंच अधिक हवी. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवतात, त्या पातळीपासून खाली मोजून खुणा करतात आणि खुणांच्या जागी मालाचे लहान ठोकळे बसवतात. मग दोन ठोकळ्यांमध्ये दोरी ताणून कोबा भरतात.

मी तेव्हा नवखा होतो. काम झाल्यावर मी दोन टोके तपासली: पाइपापाशी शून्य, कठड्यापाशी तीन इंच, तीस फुटांत तीन इंच म्हणजे दहा फुटांना एक, हिशेब बरोबर. पहिल्याच मोठ्या पावसात गच्चीच्या मधोमध पाणी साचून राहिले. नंतर मधल्या ठोकळ्यांच्या उंच्या मोजल्या तेव्हा दहा फुटांवर एक इंच होती, पण वीस फुटांवर दोनऐवजी एकच इंच होती. म्हणजे पहिल्या दहा फुटांत एक इंचाचा ढाळ, मधल्या दहा फुटांत शून्य, आणि शेवटच्या दहा फुटांत दोन इंच. टोकांवरून काढलेला ढाळ बिनचूक होता, पण तो जिच्याबद्दल बोलत होता ती सरळ रेषा गच्चीवर कोठेच नव्हती. ज्या पट्ट्यात ढाळ शून्य होता, नेमके तेथेच पाणी थांबले होते. तो भाग फोडून पुन्हा करावा लागला. तेव्हापासून मी प्रत्येक टप्प्याचा ढाळ वेगळा काढतो आणि सगळे सारखे आले तरच पुढे जातो. आपल्या मुलाच्या पुस्तकात तीन बिंदू एकरेषीय आहेत का हे तपासण्याची जी उदाहरणे असतात, ती हीच तपासणी आहे. कामाच्या जागी आम्ही ती वहीऐवजी दोरीने करतो.

आणखी एक गोष्ट मुलाला अवश्य सांगा. दहा फुटांना एक इंच याचा ढाळ १ ÷ १० नव्हे. दहा फूट म्हणजे १२० इंच, तेव्हा ढाळ १ ÷ १२० आहे. उंची इंचात आणि लांबी फुटात ठेवून थेट भागाकार केला तर उत्तर बारा पट फुगते, आणि १ ÷ १० ने चढवत नेल्यास तीस फुटांवरचा तोच कोबा तीन इंचांऐवजी तीन फूट उंच होईल. दोन्ही मापे आधी एकाच एककात आणावीत आणि मगच भागावे.

प्रतिसाद
घाटवाट

कोबा यांच्या गच्चीचा १ ÷ १२० वाचून रेल्वेचा चढ आठवला. पुण्याकडे जाताना कर्जत ते लोणावळा या भोर घाटात आणि नाशिककडे जाताना कसारा ते इगतपुरी या थळ घाटात लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक आहे, म्हणजे आडवे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. भोर घाटातला मार्ग १८६३ मध्ये आणि थळ घाटातला १८६५ मध्ये सुरू झाला. या चढावर गाडीला जोर देण्यासाठी जादा इंजिने लावतात. त्यांना रेल्वेत बँकर म्हणतात. ती जोडताना कर्जतच्या फलाटावर थांबून पाहिलेल्या कोणालाही हा चढ किरकोळ वाटणार नाही.

तरीही संख्येने तो किती आहे पाहा. १ ÷ ३७ म्हणजे सुमारे ०.०२७, शेकड्यात सांगायचे तर २.७ टक्के. दहावीतल्या त्रिकोणमितीप्रमाणे चढ म्हणजे रेषेने क्ष अक्षाच्या धन दिशेशी केलेल्या कोनाचे टॅन गुणोत्तर (काटकोन त्रिकोणात समोरची बाजू भागिले लगतची बाजू), त्या हिशेबाने हा कोन जेमतेम दीड अंशाचा आहे. वहीवर कोनमापकाने दीड अंश काढला तर दोन रेषा वेगळ्या आहेत हेही चटकन कळत नाही. व्हीलचेअरसाठी बांधलेल्या रॅम्पचा चढ आपल्याकडच्या निकषांप्रमाणे बारास एकपेक्षा तीव्र नसावा, आणि तो कोन पावणेपाच अंशांच्या आसपास येतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड थोडी असते, म्हणून जो चढ माणसाला जाणवतही नाही तो गाडीला भारी पडतो.

"सदतीसास एक" या बोलण्यात आपल्या मुलाच्या शंकेचे उत्तरही दडले आहे. रेल्वेत आडवे अंतरच पुढे करून बोलतात, त्यामुळे १०० चा चढ हा ३७ च्या चढापेक्षा सौम्य असतो. रुळांच्या कडेला चढ बदलतो तेथे आकडा लिहिलेले खांब असतात, त्यांवरही हाच आकडा असतो. त्याने सुचवलेला उलटा भागाकार असा रोजच्या वापरात आहे. फक्त तो आलेखाच्या वहीत चालत नाही.

चढ आणि कोन यांच्याबाबत एक सावधगिरी हवी. चढ १ असेल तर कोन ४५ अंश, पण चढ २ झाला म्हणून कोन ९० होत नाही, तो ६३.४ अंशांच्या जवळ असतो. चढ १० ला कोन सुमारे ८४.३, चढ १०० ला सुमारे ८९.४. शंभर टक्के चढ म्हणजे उभी भिंत असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो फक्त ४५ अंश आहे. रेषा उभी होत जाते तसा चढ कोणत्याही मोठ्या संख्येला मागे टाकतो, आणि विरुद्ध बाजूने झुकलेली रेषा उभी करत नेली तर चढ −१०, −१००, −१००० असा दुसऱ्या टोकाला पळतो. नेमक्या उभ्या रेषेला या दोन्ही बाजूंनी पोहोचता येते, तेव्हा तिला कोणती संख्या द्यावी? सूत्रही येथे उत्तर देत नाही, कारण उभ्या रेषेवरच्या सर्व बिंदूंचा क्ष-निर्देशक एकच असल्यामुळे छेद शून्य होतो. म्हणून तिचा चढ ठरवता येत नाही.

कर्जतहून लोणावळ्याला जाताना चढ आणि परतताना उतार, मग संख्या बदलते का, असे मुले विचारतात. बदलत नाही. आडव्या अक्षावर मुंबईपासूनचे अंतर घ्या: कर्जत सुमारे १०० किलोमीटरवर, लोणावळा सुमारे १२८ वर. या आलेखावर घाटातली रेषा डावीकडून उजवीकडे वर जाते आणि तिचा चढ धन आहे, गाडी कोणत्याही दिशेने धावो. बिंदूंचा क्रम उलटल्याने चढ बदलत नाही असे उजळणी यांनी म्हटले ते हेच. चिन्ह तेव्हाच बदलेल जेव्हा अंतर पुण्याहून मोजायला लागू, कारण मग आपण आडवा अक्षच फिरवलेला असेल.

वहीसमोर

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री आलेखाच्या कागदावर तिन्ही त्रिकोण काढून पाहिले. मुलाने ते तिन्ही कातरून एकावर एक ठेवले आणि कोपरे जुळतात हे स्वतःच मला दाखवले. गच्चीची गोष्टही त्याला फार आवडली. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाणी कोठे साचते हे त्याला ठाऊक आहे.

माझ्या दोन शंका मात्र अजून उरल्या आहेत. उभ्या रेषेचे कारण मला आकड्यांनी पटले, पण शून्य चढ आणि चढ नसणे यांतला फरक मनात चित्र होऊन उभा राहत नाही. आणि कोबा म्हणतात त्याप्रमाणे दोन्ही मापे एकाच एककात आणली तर चढाला स्वतःचे एककच उरत नाही. मग रुपये आणि वेळ अशा भिन्न राशींचा आलेख असेल तर चढ काढायचाच नाही का?

प्रतिसाद
उजळणी

ताई, जरूर काढायचा, आणि तेथे त्याला एककही असते. गच्चीच्या उदाहरणात उंची आणि लांबी या एकाच जातीच्या राशी होत्या म्हणून एकके परस्परांत छेदली गेली. दोन राशी भिन्न असतील तर चढ हा दर होतो. आपण मुलुंडला राहता, तेव्हा रिक्षाचे भाडे घेऊ. यात आपल्या दोन्ही शंका एकदम मिटतील.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये आणि त्यापुढे प्रतिकिलोमीटर १७.१४ रुपये असे ठरले, तेच दर येथे धरू. क्ष अक्षावर अंतर आणि य अक्षावर भाडे घ्या. पूर्णांकात बसवण्यापूर्वीचा हिशेब केला तर ३ किलोमीटरला २६ + १.५ × १७.१४ = ५१.७१ रुपये आणि ८ किलोमीटरला २६ + ६.५ × १७.१४ = १३७.४१ रुपये होतात. या दोन बिंदूंवरून चढ काढा: (१३७.४१ − ५१.७१) ÷ (८ − ३) = ८५.७० ÷ ५ = १७.१४. दरपत्रकातला आकडाच चढ म्हणून समोर आला, आणि त्याचे एकक आहे रुपये प्रतिकिलोमीटर. मध्यरात्रीनंतर भाडे सव्वापट होते, तेव्हा याच रेषेचा चढ १७.१४ च्या सव्वापट, म्हणजे सुमारे २१.४३ होतो आणि आलेखावर ती अधिक उभी दिसते.

आता याच आलेखाचा सुरुवातीचा भाग पाहा. रिक्षात बसल्यापासून दीड किलोमीटरपर्यंत मीटरवर २६ च दिसत राहतात. अंतर वाढते आहे, भाडे हलत नाही, म्हणून रेषा आडवी आहे आणि तिचा चढ शून्य आहे. भाडे शून्य नाही, हे त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या: भाडे २६ आहे, भाड्यातला बदल शून्य आहे. रेषा किती उंचीवर आहे याच्याशी चढाला काही देणेघेणे नसते. "दर किलोमीटरला आणखी किती?" असा प्रश्न येथे विचारता येतो आणि त्याचे "शून्य रुपये" असे नेमके उत्तर मिळते.

पुढे आपली रिक्षा सिग्नलला अडकली असे समजा. प्रतीक्षेचे भाडे लागते, म्हणून मीटरचा आकडा वर सरकतो, पण रिक्षा जागची हललेली नाही. अंतर तेच, भाडे मात्र ६० चे ६२, ६२ चे ६४. आलेखावर हा तुकडा सरळ उभा येतो. येथे "दर किलोमीटरला किती?" असे विचारून पाहा. किलोमीटर झालेलाच नाही, मग त्याच्यामागे किती हे कोण सांगणार? उत्तर शून्य नाही, कारण पैसे तर वाढत आहेत. उत्तर कोणतीही दुसरी संख्याही नाही. प्रश्नालाच जागा उरलेली नाही. शून्य चढाच्या वेळी प्रश्नाला उत्तर होते आणि ते शून्य होते. उभ्या रेषेच्या वेळी तो प्रश्न विचारण्यासाठी लागणारी आडवी हालचालच नाही. पुस्तकातले "ठरवता येत नाही" हे शब्द म्हणूनच फार विचाराने निवडलेले आहेत, आणि उत्तरपत्रिकेत त्यांच्या जागी "शून्य" लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातात ते योग्यच आहे.

हा सिग्नलचा आलेख त्याने अंतराऐवजी वेळेवर काढला तर काय होईल, हेही त्याला विचारा. क्ष अक्षावर मिनिटे घेतली की तोच उभा तुकडा तिरपा होतो, कारण भाडे वाढत असताना मिनिटेही पुढे सरकत आहेत. आणि त्याचा चढ म्हणजे दर मिनिटाचे प्रतीक्षाभाडे. आडव्या अक्षावर काय घेतले आहे हे पाहिल्याशिवाय चढाचे एकही वाक्य बोलू नये, असे मी वर्गात वारंवार सांगत असे.

वहीसमोर

सर, आज संध्याकाळी स्थानकावरून घरी येताना आमची रिक्षा खरोखरच सिग्नलला थांबली आणि मुलगा मीटरकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, आता उभी रेषा." मला ती दिसली.

घरी आल्यावर त्याने अ(−३, ५) आणि ब(२, −५) हे उदाहरण पुन्हा काढले, आणि यावेळी आधी चित्र काढले. पेन्सिलची ती खूण खोडून दोन्ही बिंदू एकाखाली एक लिहिले, −२ काढले आणि मी न सांगता रेषेवरचा तिसरा बिंदू शोधायला घेतला: अ पासून उजवीकडे ३ सरकले तर ६ खाली उतरावे लागेल, म्हणजे (०, −१). मग त्या बिंदूपासून ब पर्यंतचा चढ वेगळा काढला. खाली −४, भागिले २, पुन्हा −२. त्याशेजारी त्याने लिहिले आहे: "गच्ची तपासली, पाणी साचणार नाही."